कौटुंबिक हिंसाचार आणि चर्च : ‘सांभाळून घे’ म्हणणं आता पुरे



एरवी आपण इथे बीपी, डायबेटिस, थायरॉईड अशा विषयांवर बोलतो. आजचा विषयही आरोग्याचाच आहे, पण त्यावरचा इलाज एकट्या दवाखान्यात होत नाही. घरात नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि ती थांबवण्यातला चर्चचा वाटा, यावर मी आज लिहिणार आहे. जरा रोखठोक लिहिणार आहे. राग आला तरी चालेल, पण लेख पूर्ण वाचून मग रागवा.

सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट करते. एक, मी ख्रिस्ती नाही. पण माझा दवाखाना वसई पट्ट्यात आहे, आणि २७ वर्षांत माझ्याकडे आलेल्या पेशंटपैकी मोठा हिस्सा ख्रिस्ती कुटुंबांतला आहे. दोन, ख्रिस्ती घरांत मारहाण जास्त होते असं माझं अजिबात म्हणणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हा आकडा २५.२ टक्के होता, म्हणजे दर चौघींत एक. यात सगळ्या जातीधर्मांच्या बायका आहेत.

मग चर्चलाच का धरलं? कारण चर्चकडे जे आहे ते ना माझ्याकडे आहे, ना पोलिसांकडे. दर रविवारी अख्खं कुटुंब एका छताखाली येतं. फादरना किंवा पाळकांना घर, आजोबा, नातवंडं सगळी ठाऊक असतात. लग्नाआधी मुलामुलीला मार्गदर्शन वर्गाला बसावंच लागतं. शाळा, दवाखाने, वसतिगृहं, सिस्टर्सचे कॉन्व्हेंट, महिला मंडळ, तरुण मंडळ, वाडीवाडीतले छोटे समूह, सगळं जागेवर आहे. एवढं जाळं हाताशी असताना कोणी ‘हा नवराबायकोचा खासगी मामला’ म्हणत असेल, तर माझं त्याच्याशी भांडण आहे.

दवाखान्यात ही हिंसा कशी दिसते?

‘नवरा मारतो’ असं सांगत क्वचितच कोणी येतं. येतात त्या दुसऱ्याच तक्रारी:

- महिनोन् महिने डोकेदुखी, पाठदुखी, ओटीपोटात दुखणं, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल
- झोप नाही, छातीत धडधड, भूक मेलेली
- गोळ्या चालू असूनही आटोक्यात न येणारं बीपी किंवा साखर
- वारंवार लघवीचा संसर्ग, पांढरं जाणं, गर्भपात
- कानाखाली बसल्याने फाटलेला कानाचा पडदा
- मार अडवायला वर केलेल्या हाताचं मोडलेलं हाड, आणि त्यावर ‘बाथरूममध्ये घसरले’ हे उत्तर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार, जोडीदाराकडून हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतर स्त्रियांच्या जवळपास दुप्पट असतं, आणि कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त असते. सतत भीतीत राहणाऱ्या माणसाच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कायम चढलेली राहतात. दाराची कडी वाजली की छातीत धस्स होतं, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. अशा बाईचं बीपी मी औषधाचा डोस वाढवून कितीसं खाली आणणार?

एक लक्षण मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवा: गळा दाबणं. गळ्यावर वळ नसला तरी आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यात लाल ठिपके, चक्कर यांपैकी काहीही असेल तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. आणि ज्या नवऱ्याने एकदा गळा दाबला आहे, त्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका सुमारे सात पट असतो, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं आहे. ‘रागाच्या भरात झालं’ म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

‘चर्चमध्ये सांगून झालंय, डॉक्टर’

त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कधीच मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितली ती फक्त १४ टक्के जणींनी. त्यांतल्याही बहुतेक नातेवाइकांकडे जातात. पोलीस, डॉक्टर, धर्मगुरू यांच्यापर्यंत पोचणाऱ्या अगदी मोजक्या.

हाकेच्या अंतरावर चर्च असूनही बाई तिथे का बोलत नाही? माझ्या पेशंटकडून मी जे ऐकत आले आहे त्यावरून कारण सोपं आहे. तिथून काय उत्तर मिळणार ते तिला आधीच माहीत असतं. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या पंथांतल्या बायकांनी मला सांगितलेली उत्तरं एकमेकींशी इतकी जुळतात की जणू एकाच वहीतून उतरवून घेतली आहेत:

‘प्रार्थना कर, तो बदलेल.’
‘तू उलट बोलत जाऊ नकोस.’
‘हा तुझा क्रूस आहे, तो वाहायला शीक.’
‘मुलांसाठी सांभाळून घे.’
‘त्यालाही बोलावतो, दोघं मिळून बसू.’

सगळे फादर, सगळे पाळक असं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. रात्री अकरा वाजता बाईला आणि लेकरांना स्वतःच्या गाडीतून माहेरी पोचवणारे धर्मगुरूही मी पाहिले आहेत. पण बाईची सुरक्षितता ‘फादर कसे भेटतील’ या नशिबावर अवलंबून असता कामा नये. माझ्या दवाखान्यात हार्ट अटॅकचा पेशंट आला तर काय करायचं हे माझ्या मूडवर ठरत नाही, त्याची पद्धत ठरलेली असते. चर्चमध्येही तशी ठरलेली पद्धत हवी.

वरच्या पाच उत्तरांपैकी शेवटचं सगळ्यात समजूतदार वाटतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात धोकादायक आहे. दोघांना समोरासमोर बसवलं की काय होतं याचा विचार करा. नवरा शेजारी बसलेला असताना बाई खरं बोलू शकत नाही. बोललीच, तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. नवरा रडतो, माफी मागतो, सगळ्यांना बरं वाटतं. पुढचे पंधरा दिवस, महिनाभर घर शांत असतं. मग ताण वाढत जातो आणि पुन्हा मार. ही माफी बऱ्याचदा त्या चक्राचाच एक टप्पा असते, आणि चर्चने तिच्यावर शिक्का मारला की पुढच्या वेळी बाईला तोंडच उरत नाही.

भांडण दोन बाजूंचं असतं, त्यात समेट होऊ शकतो. मारहाणीत एक मारणारा असतो आणि एक मार खाणारी. तिथे ‘दोघांनीही थोडं समजून घ्यावं’ याला अर्थ नाही. आपला कायदाही हेच म्हणतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या २००६ च्या नियमांत समुपदेशनाची तरतूद आहे, पण त्या समुपदेशनात नवऱ्याला आपल्या हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. समेटाचा प्रयत्न होतो तो बाईची इच्छा असेल तरच. सरकारच्या नियमांना जे कळतं ते पॅरिशच्या ऑफिसात का कळू नये?

बायबल आणि चर्चचा स्वतःचा कायदा

‘बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं’ हे इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं वाक्य मला पेशंटही ऐकवतात आणि त्यांचे नवरेही. मी धर्मशास्त्राची जाणकार नाही, पण वाचता येतं. त्याच अध्यायात त्याच्या आदल्याच वचनात एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलं आहे. पुढे नवऱ्याला बजावलं आहे की बायकोवर स्वतःच्या शरीरासारखं प्रेम कर. कलस्सैकरांस पत्रात बायकोशी कठोर वागू नका अशी थेट आज्ञा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर असं सुचवलं आहे की जो नवरा बायकोला मान देत नाही त्याच्या प्रार्थनेतच अडथळा येतो. या ओळी लग्नाच्या प्रवचनात किती वेळा ऐकू येतात? आणि ‘अधीन राहा’ किती वेळा? तुम्हीच मोजा.

कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण माझ्या बहुतेक पेशंटना ती ठाऊक नसते. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये ११५३ क्रमांकाचं कलम आहे. जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्यासाठी धर्माधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा. आणि थांबण्यात धोका असेल तर बाईने स्वतःच्या निर्णयानेही निघून जावं. म्हणजे रात्री मुलांना घेऊन घराबाहेर पडणारी बाई पाप करत नाही, ती चर्चच्या कायद्याने दिलेला हक्क वापरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रकात घरातल्या हिंसेला मर्दानगी नव्हे तर भेकडपणा म्हटलं आहे. काही वेळा विभक्त होणं नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरतं, असंही त्यात आहे. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी तर १९९२ सालीच निवेदन काढून सांगितलं की मारहाण होणाऱ्या लग्नात राहण्याची अपेक्षा कोणाकडूनही नाही. आपल्याकडेही भारतीय कॅथलिक बिशप परिषदेचं स्त्री-पुरुष समतेचं धोरण २०१० पासून आहे.

कागद भरपूर आहेत. वाडीतल्या बाईपर्यंत त्यातलं काय पोचलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रोटेस्टंट मंडळ्यांना तर विवाह मोडू शकत नाही या सिद्धांताचीही अडचण नाही. देशाचा कायदाही बदलला आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती स्त्रीला नुसत्या क्रूरतेवरून घटस्फोट मिळत नसे, सोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव अमान्य केला आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच सुधारला. आता क्रूरता हे एकटं कारण पुरेसं आहे. तरीही ‘आपल्यात घटस्फोट नसतो’ हे वाक्य मी अजून ऐकते.

दारूचं निमित्त

‘माणूस चांगला आहे हो, दारू पिल्यावरच हात उचलतो.’ यावर जरा थांबू या. सर्वेक्षणात असं दिसतं की ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात त्यांच्यापैकी ७० टक्के स्त्रियांनी हिंसा सोसली आहे. म्हणजे दारू आगीत तेल ओतते यात शंका नाही. पण ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत, त्यांच्यातही हे प्रमाण २३ टक्के आहे. आणि पिऊन आलेला माणूस साहेबाला मारत नाही, हवालदाराला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. कोणाला मारलेलं खपतं याचं भान त्याला नशेतही असतं.

म्हणून व्यसनमुक्ती हवीच, पण तेवढ्याने काम संपत नाही. दारू सुटली आणि हात तसाच राहिला, अशी घरं मी पाहिली आहेत.

जमतं का हे? जमतं

‘डॉक्टर, चर्चचं काम आध्यात्मिक आहे, या भानगडीत कशाला पडायचं?’ असं विचारणाऱ्यांना मी इतिहास सांगते.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली-बायका आणून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. ते आजही चालू आहे. बाईला आधी छप्पर, मग अन्न, मग शिक्षण आणि हाताला काम, हा क्रम त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी लावून दिला. आणि हे करणाऱ्या रमाबाई चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशीही पत्रांतून खणखणीत वाद घालत होत्या. मुकाट्याने सोसणं हा काही त्यांचा ख्रिस्ती धर्म नव्हता.

वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. तोवर बेवड्याला ‘पापी’ म्हणून मोकळं होण्याचीच रीत होती. त्यांनी दारूला आजार मानलं, उपचार उभे केले. आणि आमच्या वसईत जमीन आणि पाणी वाचवायला हरित वसईचं आंदोलन झालं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले होते. गुंडगिरीला न घाबरता लोक त्यांच्यामागे गेले. झाडांसाठी, विहिरींसाठी जे धैर्य दाखवता आलं, ते घरातल्या बाईसाठी का दाखवता येऊ नये?

बाहेरच्या देशांतही पुरावा आहे. काँगोच्या इतुरी प्रांतातल्या १५ गावांत टीअरफंड या ख्रिस्ती संस्थेने स्थानिक संस्थेबरोबर काम केलं. आधी पाळक आणि इमाम अशा धर्मगुरूंना शिकवलं, मग गावात पुरुषांचे आणि बायकांचे वेगवेगळे गट करून काही आठवडे चर्चा घडवल्या, शेवटी दोघांना एकत्र आणलं. पीडित बायकांना मदत करायला गावातच गट तयार केले. २०१५ मध्ये ६९ टक्के बायकांनी मागच्या वर्षभरात जोडीदाराकडून हिंसा झाल्याचं सांगितलं होतं. २०१८ मध्ये हे प्रमाण २९ टक्के होतं. तुलनेला वेगळी गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय त्या कार्यक्रमाला देता येणार नाही. पण युगांडातल्या कंपाला शहरात ‘सासा!’ नावाच्या अशाच वस्ती-चळवळीचा काटेकोर तुलनात्मक अभ्यास झाला आहे. जिथे ती राबवली तिथे जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी आढळली. पुढे आयर्लंडच्या कॅथलिक चर्चच्या त्रोकरा या संस्थेबरोबर तिचं चर्च-मशिदींसाठीचं रूप तयार झालं.

या सगळ्याचं मर्म एकच आहे: मारणं चूक आहे असं लोकांना मनापासून वाटू लागलं की मारणं कमी होतं. आपल्या देशात ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुषांना कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य वाटतं. हे मत माझ्या गोळ्यांनी बदलणार नाही. प्रवचनाने बदलू शकतं.

चर्चने करायच्या सहा गोष्टी

१. वेदीवरून स्पष्ट बोला. दर तीन महिन्यांनी एकदा तरी, आणि बोला ते पुरुषांशी. ‘कुटुंबात प्रेम असावं’ असं गुळमुळीत नको. ‘बायकोवर हात उचलणं हे पाप आहे आणि गुन्हाही आहे’ या शब्दांत.

२. लग्नाआधीच्या वर्गात हा विषय सक्तीचा करा. मुलामुलीला वेगवेगळं बसवून विचारा. तिचा मोबाईल तपासणं, पगार काढून घेणं, माहेरी जाऊ न देणं, मैत्रिणी तोडायला लावणं ही प्रेमाची लक्षणं नाहीत, पुढच्या मारहाणीची चाहूल आहे.

३. ऐकण्याची पद्धत ठरवा. बाईला एकटीला भेटा, शक्यतो सोबत प्रशिक्षित सिस्टर किंवा महिला कार्यकर्ती असू द्या. विश्वास ठेवा. ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न विचारू नका. ‘आज घरी जायला सुरक्षित वाटतं का?’ हा विचारा. ती काय बोलली ते तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला, सासूला, कोणालाही सांगू नका.

४. मदतीचा रस्ता तयार ठेवा. संरक्षण अधिकारी, ‘सखी’ केंद्र, १८१ आणि ११२ हे नंबर स्त्रियांच्या स्वच्छतागृहात आतून लावा, जिथे नवरा बघत नसतो. चर्चच्या सामाजिक संस्थांना २००५ च्या कायद्याच्या कलम १० खाली सेवा देणारी संस्था म्हणून नोंदणी करता येते. ती करा. कॉन्व्हेंटमध्ये, वसतिगृहात दोन खोल्या अशा बायकांसाठी राखून ठेवा.

५. मारणाऱ्याला मान देऊ नका. घरात मारणारा माणूस पॅरिश कौन्सिलवर, गायनवृंदात पुढे, सणाच्या समितीचा प्रमुख कसा? त्याच्यासाठी दार बंद करा असं मी म्हणत नाही, पण आधी जबाबदारी घे, हिंसा थांबव, मग पद. आज उलटं होतं. तो पुढच्या बाकावर असतो आणि घर सोडलेली बाई लोकांच्या नजरा चुकवत मागच्या दाराने येते.

६. स्वतःचं घर तपासा. चर्चच्या शाळा, दवाखाने, कार्यालयं यांनाही २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा लागू आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. स्वतःच्या आवारातली तक्रार जे दाबतात, त्यांच्याकडे घरातली तक्रार घेऊन कोण येईल?

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

नेहमीचे आक्षेप

*‘बायका खोट्या तक्रारी करतात.’* खरंखोटं ठरवायला न्यायालय आहे. फादर, पाळक आणि डॉक्टर यांचं पहिलं काम जीव वाचवण्याचं आहे. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला मी आधी पुरावा मागत नाही, ईसीजी काढते.

*‘ख्रिस्ती धर्म क्षमा शिकवतो.’* शिकवतो ना. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे त्या बाईला ठरवू द्या. आणि मनाने क्षमा करूनही वेगळ्या घरात राहता येतं.

*‘घर मोडेल.’* ते घर पहिल्या थपडेलाच मोडलं आहे. त्या घरातली मुलं रोज काय बघतात? मार बघत वाढलेला मुलगा पुढे मारणारा होण्याची आणि मुलगी मार सोसणारी होण्याची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

*‘मंदिर-मशिदीबद्दल का लिहीत नाही?’* वरची यादी तशीच्या तशी उचला आणि कीर्तन, सत्संग, जमात, विहार सगळीकडे लावा. माझी हरकत नाही, उलट आनंद आहे. पण शेजारचं घर साफ नाही म्हणून आपलं झाडायचं नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

तुम्ही स्वतः अशा घरात असाल तर

- हे तुमच्या चुकीमुळे होत नाही. स्वयंपाक बिघडला म्हणून मार ही शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही.
- मार लागला तर डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि ते केसपेपरवर लिहायला सांगा. पुढे तो पुरावा होतो. उपचार नाकारण्याचा अधिकार दवाखान्याला नाही. कायद्याचं कलम ७ तेच सांगतं. जखमांचे फोटो काढून विश्वासातल्या व्यक्तीकडे पाठवा.
- आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले, बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला, औषधं, थोडे पैसे असं एका पिशवीत घालून ती शेजारी किंवा माहेरी ठेवा.
- घर सोडण्याचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो. ‘मी जाणार आहे’ अशी धमकी नवऱ्याला देऊ नका. आधी ठिकाण ठरवा.
- राहत्या घरात राहण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे, घर कोणाच्याही नावावर असो. संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.
- मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत. त्यांतलं पहिलं वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये सुरू झालं. तिथे समुपदेशन आणि कायद्याची माहिती मिळते.
- नवरा तुमचा फोन तपासत असेल तर हा लेख वाचून झाल्यावर हिस्टरीतून काढून टाका.

शेजारी, भाऊ, नणंद, वर्गमैत्रीण म्हणून तुम्हाला कुठे अशी शंका असेल, तर कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतं. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही.

आणि तुम्ही चर्चला जात असाल, तर एक विनंती. हा लेख मला शाबासकी देण्यासाठी नाही, तुमच्या फादरना, पाळकांना, महिला मंडळाच्या अध्यक्षांना पाठवण्यासाठी आहे. पुढच्या रविवारी त्यांना एवढंच विचारा: ‘आज एखादी बाई मार खाऊन आपल्या दारात आली, तर आपली पद्धत काय आहे?’ उत्तर तयार असेल तर त्यांचे आभार माना. नसेल तर पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत तो विषय मांडा, आणि उत्तर मिळेपर्यंत मांडत राहा.

काळजी घ्या, आणि शेजारच्या घरातून येणाऱ्या आवाजाकडेही लक्ष असू द्या.